अलायन्सला हरवायचं कुणी?

२२ ऑक्टोबर २००५ या दिवशी ओहायो नॉर्दर्न या कॉलेजनं अलायन्स गावच्या माउंट युनियन कॉलेजला २१-१४ असं हरवलं आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या, छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या लोकांना ती तारीख अजून पाठ आहे. त्याच्या आधी माउंट युनियननं रेग्युलर सीझनच्या, म्हणजे बाद फेरीच्या आधीच्या, ११० मॅचेस सलग जिंकल्या होत्या. एकशे दहा! वर्षाला साधारण दहाच मॅचेस असतात, म्हणजे १९९४ मध्ये जो मुलगा पहिलीत असेल तो स्वतः कॉलेजच्या टीममध्ये यायच्या वयाचा झाला तरी ही टीम रेग्युलर सीझनमध्ये एकदाही हरलेली नव्हती. ओहायो नॉर्दर्न आहे एडा नावाच्या गावात, गाव इतकं छोटं की नकाशावर शोधावं लागतं, पण एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, वापरतात तो बॉल याच गावातल्या विल्सनच्या कारखान्यात १९५५ पासून बनतो. बॉल बनवणाऱ्या गावानं त्या दिवशी बॉल जिंकून दाखवला, मला हे फार आवडतं.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट-पॅडवाला, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. आणि कॉलेज फुटबॉल म्हटलं की भारतातून बघणाऱ्याला ओहायो स्टेटचं लाखभर माणसांचं स्टेडियम आठवतं, टीव्हीवरचे करार, कोट्यवधी डॉलर पगार घेणारे कोच, ते सगळं. मी लिहितेय ते त्याच्या पार दुसऱ्या टोकाचं आहे. डिव्हिजन थ्री. इथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, नियमच आहे, मुलगा कितीही भारी खेळत असला तरी कॉलेज त्याला त्याबद्दल एक डॉलर देऊ शकत नाही. फी भरायची, किंवा मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर जी मदत मिळेल ती घ्यायची, आणि पहाटे उठून वेट्स मारायला जायचं. देशभरात असे दोनशेच्या वर संघ आहेत. ही मुलं पुढे अकाउंटंट होतात, शाळेत शिक्षक होतात, फिजिकल थेरपिस्ट होतात. मी क्लीव्हलँडच्या एका उपनगरात राहते, इथून तास-दीड तासाच्या अंतरावर अशी कितीतरी कॉलेजं आहेत, आणि शनिवारी दुपारी यांच्या मॅचेस बघायची सवय लागल्यापासून मला मोठ्या टीम्सच्या मॅचमध्ये तेवढा जीव वाटत नाही.

माउंट युनियन आहे अलायन्समध्ये. कँटनच्या शेजारचं, वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. आणि या कॉलेजकडे डिव्हिजन थ्रीचे १३ राष्ट्रीय किताब आहेत, त्यातले ११ एकट्या लॅरी केरेसच्या काळातले. केरेस इथेच क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) होता, इथेच १९८६ मध्ये हेड कोच झाला आणि २०१२ चा सीझन संपेपर्यंत इथेच राहिला. २७ सीझन, ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरीत. जिंकण्याचं प्रमाण जवळजवळ ९३ टक्के, आणि कॉलेज फुटबॉलच्या कुठल्याही पातळीवर एवढं दुसऱ्या कोणाचं नाही. १९९६ ते १९९९ सलग ५४ जिंकल्या, मग सेमीफायनलला रोवन युनिव्हर्सिटीकडून ओव्हरटाइममध्ये २४-१७ हरले, आणि मग २००० पासून पुन्हा सलग ५५. म्हणजे ११० मॅचेसमध्ये एक हार. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छापताना चूक झालीय असंच वाटलं होतं.

तर प्रश्न असा, जो दर वर्षी ऑगस्टमध्ये इथे कुणी ना कुणी विचारतंच, की या कॉन्फरन्समधलं दुसरं कुणी यांना टक्कर देऊ शकतं का? कॉन्फरन्स म्हणजे दर वर्षी आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, आणि ही ओहायो अॅथलेटिक कॉन्फरन्स, सगळे ओएसी म्हणतात, १९०२ पासूनची. बॉल्डविन वॉलेस, हायडेलबर्ग, ओहायो नॉर्दर्न, ऑटरबाइन, कॅपिटल, मॅरिएटा, मस्किंगम, विल्मिंग्टन, आणि परवापरवापर्यंत जॉन कॅरल. यातलं कुठलंही कॉलेज लेचंपेचं नाही. मस्किंगममध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन शिकला. जॉन कॅरलमध्ये डॉन शुला खेळला, ज्याच्या नावावर एनएफएलमध्ये कोच म्हणून सगळ्यात जास्त विजय आहेत. बॉल्डविन वॉलेसनं तर १९७८ मध्ये डिव्हिजन थ्रीचा राष्ट्रीय किताब जिंकलेला आहे, ली ट्रेसलच्या हाताखाली, आणि ली चा मुलगा जिम, जो याच कॉलेजात क्वार्टरबॅक होता, त्यानं पुढे ओहायो स्टेटला २००२ चा राष्ट्रीय किताब मिळवून दिला. म्हणजे हे राज्य कायम अलायन्सचंच होतं असं अजिबात नाही. आधी विटनबर्ग हे कॉलेज होतं, मग बॉल्डविन वॉलेस होतं, मग १९९२ पासून २०१५ पर्यंत सलग २४ वर्षं ओएसीचा किताब माउंट युनियनकडे. चोवीस वर्षं. या काळात बाकीच्या कॉलेजांतून पोरांच्या कितीतरी बॅचेस आल्या आणि किताबाला हात न लावता पदवी घेऊन गेल्या.

असं का होतं याचं उत्तर लोक पटकन देतात, की त्यांच्याकडे खेळाडूच चांगले येतात. येतात, खरंय. पिअर गार्सोन इथूनच एनएफएलमध्ये गेला, सेसिल शॉर्ट्स गेला. पण स्कॉलरशिप नसताना चांगले खेळाडू येतात का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तिथे लोक थांबतात. माझ्या मते पहिलं कारण म्हणजे संख्या. माउंट युनियनच्या रोस्टरवर, म्हणजे खेळाडूंच्या यादीत, दीडशे-दोनशे पोरं असतात. एका वेळी मैदानात अकराच उतरतात, मग बाकीची कशाला? कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बघा, मोठ्या तालमीचं बळ तिथल्या एका महान मल्लात नसतं, रोज संध्याकाळी त्याच्याशी लढायला तोडीस तोड जोड मिळते यात असतं. अलायन्सचंही तेच. तिसऱ्या फळीतला लाइनमन आठवडाभर पहिल्या फळीशी झुंजतो, दोन वर्षं झुंजतो, आणि ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या, वर्षाला जेव्हा तो शनिवारी मैदानात उतरतो तेव्हा समोरचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याला त्याच्या मंगळवारच्या प्रॅक्टिसपेक्षा सोपा वाटतो. दुसऱ्या कॉलेजात तोच मुलगा पहिल्या वर्षीच स्टार्टर झाला असता, मार खाल्ला असता, गुडघा घालवला असता. आता कुणी म्हणेल मग बाकीच्यांनीही दोनशे पोरं घ्यावीत की, कुणी अडवलंय. काहींनी घेतलीही, कारण या छोट्या खासगी कॉलेजांना फी भरणारे विद्यार्थी हवेच असतात आणि फुटबॉल हा मुलगे आणायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, पण पोरं गोळा करणं वेगळं आणि चार वर्षं न खेळता टिकवून धरणं वेगळं. बेंचवर बसून राहायलाही काहीतरी कारण लागतं. माउंट युनियनमध्ये ते कारण डिसेंबरमध्ये मिळतं, फायनलच्या वेळी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि हा लेख खरंतर त्यासाठीच लिहायला घेतला. माणसं टिकणं. केरेस २७ सीझन हलला नाही. एवढे किताब जिंकलेल्या माणसाला मोठ्या ठिकाणी जाता आलं नसतं असं कुणी म्हणू शकत नाही. त्याच्या हाताखाली खेळलेले लोक त्याचेच असिस्टंट झाले, आणि त्याच्यानंतर त्याचाच मुलगा व्हिन्स हेड कोच झाला, त्यानं २०१५ आणि २०१७ चे किताब आणले. इथून बाहेर पडलेल्यांची यादी बघा, निक सिरियानी इथे रिसीव्हर होता, तीन राष्ट्रीय किताब जिंकले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा कोच म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. मॅट कॅम्पबेल त्याच काळातला, पुढे आयोवा स्टेटला नाव मिळवून दिलं त्यानं. एका छोट्या गावातल्या एका माणसाच्या ऑफिसातून हे सगळं निघालं. तो माणूस पाच वर्षांनी निघून गेला असता तर यातलं काही झालं असतं का, मला नाही वाटत.

आता ज्यांनी माउंट युनियनला खरोखर आव्हान दिलं त्यांच्याकडे बघा, म्हणजे माझा मुद्दा कळेल. २००३ च्या फायनलमध्ये ५५ मॅचेसची साखळी तोडली ती मिनेसोटाच्या सेंट जॉन्सनं, २४-६. त्यांचा कोच जॉन गलार्डी तिथे १९५३ पासून होता! प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग बंद, शिट्टी बंद, पोरांनी कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. सगळी पद्धतच केरेसच्या उलट, पण एक गोष्ट तीच, की माणूस जागचा हलला नाही. ४८९ विजयांवर थांबला, आणि गंमत बघा, त्याचाही शेवटचा सीझन २०१२ चाच.

मग व्हाइटवॉटर. विस्कॉन्सिनची सरकारी युनिव्हर्सिटी, विद्यार्थी दहा हजारांच्या वर, राज्यातल्या मुलांना फी कमी, त्यामुळे गणित थोडं वेगळं. २००५ आणि २००६ ची फायनल माउंट युनियनकडून हरले. २००७ मध्ये लान्स लायपोल्ड कोच म्हणून आला, त्याच कॉलेजचा जुना क्वार्टरबॅक, आणि पहिल्याच वर्षी ३१-२१ नं माउंट युनियनला हरवून किताब घेतला. २००५ ते २०११ अशी सलग सात वर्षं फायनलला हेच दोघं समोरासमोर, दोघांचाही रंग जांभळा, व्हर्जिनियातल्या सेलम गावात डिसेंबरच्या थंडीत अर्धं स्टेडियम एका जांभळ्याचं आणि अर्धं दुसऱ्या जांभळ्याचं. लायपोल्डनं आठ वर्षांत सहा किताब घेतले, १०९ विजय आणि ६ पराभव. माउंट युनियनला त्या वर्षांत फायनलला जाऊन रिकाम्या हातानं घरी यायची सवय लागली असं म्हटलं तरी चालेल, २००५ ते २०१५ सलग ११ फायनल्स आणि त्यात जिंकल्या पाच. याला म्हणतात टक्कर. २०१४ नंतर लायपोल्ड बफेलो युनिव्हर्सिटीला गेला, सोबतचे काही असिस्टंटही गेले, आणि व्हाइटवॉटरनं तेव्हापासून राष्ट्रीय किताब जिंकलेला नाही.

जॉन कॅरलची गोष्ट मला सगळ्यात जवळची, घरापासून जवळ म्हणूनही असेल. टॉम आर्थ, याच कॉलेजचा क्वार्टरबॅक, पुढे एनएफएलच्या कोल्ट्समध्ये पेटन मॅनिंगच्या मागे राखीव म्हणून होता, तो २०१३ मध्ये हेड कोच झाला. डिफेन्स सांभाळायला ब्रँडन स्टेली, जो पुढे एनएफएलमध्ये हेड कोच झाला. दोघंही तिशीतले. आणि १२ नोव्हेंबर २०१६ ला, रेग्युलर सीझनच्या शेवटच्या शनिवारी, यांनी माउंट युनियनला ३१-२८ हरवलं. एडाच्या त्या मॅचनंतर माउंट युनियननं पुन्हा ११२ जिंकल्या होत्या सलग, ती साखळी तुटली आणि २४ वर्षांची किताबाची साखळीही त्याच दिवशी तुटली. क्लीव्हलँडच्या पूर्वेकडच्या उपनगरांत त्या आठवड्यात किराणा दुकानाच्या लाइनीतही लोक याच विषयावर बोलत होते, ज्यांना एरवी डिव्हिजन थ्री म्हणजे काय हेही माहीत नसतं असे लोक. जॉन कॅरल त्या वर्षी राष्ट्रीय सेमीफायनलपर्यंत गेलं. आणि सीझन संपला तसा आर्थ चॅटानूगा युनिव्हर्सिटीला गेला, स्टेली एनएफएलच्या शिकागो बेअर्सकडे गेला. पुढच्या वर्षी माउंट युनियन एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतं.

मी आर्थला किंवा स्टेलीला दोष देत नाही. तिशीतल्या माणसानं वरची नोकरी घेऊ नये असं कोण म्हणेल, पगारात केवढा फरक असतो, घरात लहान मुलं असतात. पण कॉलेजच्या बाजूनं विचार केला तर दिसतं काय, की चार वर्षं घालून घडवलेली गोष्ट एका हिवाळ्यात उठून गेली. ज्या वर्गातल्या पोरांना आर्थनं घरोघरी जाऊन आणलं होतं त्यांच्यासमोर नवा माणूस, नवं प्लेबुक, नवे शब्द. अलायन्समध्ये तेव्हा तीस वर्षं तेच शब्द चालू होते.

टक्कर द्यायची नसेल तर दुसरा मार्गही आहे, आणि तो मिनेसोटानं दाखवला. तिथल्या एमआयएसी कॉन्फरन्समध्ये सेंट थॉमस हे कॉलेज बाकीच्यांपेक्षा खूप मोठं, सहा हजारांच्या घरात विद्यार्थी, आणि खेळातही भारी. २०१७ मध्ये त्यांनी सेंट ओलाफला ९७-० हरवलं. २०१९ मध्ये कॉन्फरन्सनं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला, कारण दिलं की स्पर्धेत समतोल राहिलेला नाही. जे कॉलेज त्या कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी एक होतं त्याला जिंकण्याबद्दल काढलं. सेंट थॉमस २०२१ मध्ये थेट डिव्हिजन वनला गेलं, मधली पायरी न चढता. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही. ९७-० मध्ये सेंट ओलाफच्या पोरांचे हाल झाले हे मी समजू शकते, तेवढे पॉइंट्स करायची गरज नव्हती हेही. पण ओएसीमधल्या कॉलेजांनी चोवीस वर्षं मार खाल्ला आणि माउंट युनियनला काढून टाकलं नाही, या गोष्टीबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. त्याच कॉन्फरन्समध्ये राहून, दर वर्षी शेड्यूलवर ते नाव ठेवून, मैदानात उतरले.

आमच्या समोरच्या घरातला मुलगा ओएसीमधल्याच एका कॉलेजात लाइनबॅकर (डिफेन्समधला खेळाडू) होता. त्याच्या आईवडलांसोबत मी त्यांच्या कॉलेजच्या माउंट युनियनविरुद्धच्या मॅचला गेले होते. हाफटाइमलाच मॅच संपल्यात जमा होती. थर्ड क्वार्टरमध्ये माउंट युनियननं पहिली फळी बाहेर काढली आणि दुसरी उतरवली, आणि ती दुसरी फळीही तेवढीच जोरात. मी त्याच्या वडलांना विचारलं की याला वाईट नाही का वाटत, दर वर्षी हेच. ते म्हणाले, "तो वर्षभर हीच मॅच डोक्यात घेऊन वेट्स मारतो. बाकीच्या मॅचेस जिंकतात ना ते, त्या याच्यामुळे जिंकतात." मला ते तेव्हा बापाचं समाधान वाटलं असेल, पण नंतर जसजशा मॅचेस बघत गेले तसं ते पटत गेलं. माउंट युनियनशी खेळायचंय म्हणून बाकीच्या ओएसी टीम्स आपली लाइन जाड करतात, डिफेन्सचा वेग वाढवतात, आणि मग कॉन्फरन्सच्या बाहेर खेळायला गेल्या की तिथल्या टीम्सना ते झेपत नाही. जॉन कॅरल २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या चारांत गेलं ते त्यांनी दर नोव्हेंबरला कुणाशी झुंज घेतली होती त्यामुळेच. सेंट थॉमसला काढल्यावर मिनेसोटाच्या बाकीच्या कॉलेजांनी स्वतःचीच एक मोठी परीक्षा कमी करून घेतली असं मला वाटतं.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय हेही सांगायला हवं. व्हिन्स केरेस २०२० मध्ये टोलेडो युनिव्हर्सिटीला गेला, आणि २०१७ नंतर माउंट युनियनकडे राष्ट्रीय किताब आलेला नाही. जवळ जातात, हरतात. आता त्यांच्या वाटेत उभं राहतं ते नॉर्थ सेंट्रल, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं. २०१९ मध्ये दुसऱ्याच राउंडमध्ये ५९-५२ असा अविश्वसनीय स्कोअर करून त्यांनी माउंट युनियनला बाहेर काढलं आणि पुढे किताब घेतला, मग २०२२ च्या फायनलमध्ये २८-२१, मग २०२४ च्या फायनलमध्ये ४१-२५. आणि नॉर्थ सेंट्रल कसं घडलं बघा. जॉन थॉर्न २००२ मध्ये आला, बारा-तेरा वर्षं राहिला, त्याच्यानंतर त्याचा मुलगा जेफ, आणि जेफ गेल्यावर त्याच कॉलेजात खेळलेला ब्रॅड स्पेन्सर. अलायन्समध्ये जे झालं तेच, वीस वर्षं उशिरा, दुसऱ्या गावात.

म्हणून मला कुणी विचारलं की ओएसीमधून कुणी टक्कर देईल का, तर मी कोणाकडे क्वार्टरबॅक चांगला आलाय हे बघत नाही. एका शनिवारी हरवणं कुणालाही जमेल, एडानं ते केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माउंट युनियननं राष्ट्रीय किताब घेतलाच. मी बघते की कुठल्या कॉलेजात डिफेन्सचा आणि ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर तोच माणूस सहा-सात वर्षं आहे. कुठल्या कॉलेजच्या प्रेसिडेंटनं दोन खराब सीझननंतर कोच बदलला नाही. कुठे जुने खेळाडू असिस्टंट म्हणून परत येतायत, कमी पगारात, घर जवळ आहे म्हणून का होईना. अशी जागा सापडली तर दहा वर्षांत तिथे काहीतरी उभं राहील, त्याआधी नाही. या कॉलेजांना पैशाची ओढाताण आहे, विद्यार्थी कमी होतायत, अशात एका असिस्टंटचा पगार थोडा वाढवून त्याला थांबवणं सोपं नाही हे मला माहितेय. पण नवं टर्फ टाकण्यापेक्षा, मोठा स्कोअरबोर्ड लावण्यापेक्षा तो खर्च आधी करावा असं मला अगदी ठाम वाटतं.

जॉन कॅरल २०२५ मध्ये ओएसी सोडून शेजारच्या एनसीएसी या कॉन्फरन्समध्ये गेलं. कारणं त्यांची त्यांना असतील, प्रवासाची असतील, अभ्यासक्रमाची असतील, पण एक फुटबॉल बघणारी म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्या एका कॉलेजनं २४ वर्षांचा तो किताब खेचून घेतला होता तेच आता त्या शर्यतीत नाही. आता उरलेल्यांत मी डोळे लावून बसलेय ते बॉल्डविन वॉलेसकडे आणि एडाकडे. दोघांकडे जुना इतिहास आहे, दोघांकडे ओहायोच्या हायस्कूलमधली तीच पोरं येऊ शकतात जी अलायन्सला जातात. येत्या सीझनला दोन्हीकडच्या माउंट युनियनविरुद्धच्या मॅचेस बघायचं आधीच ठरवलंय, आणि ऑगस्टमध्ये दोघांच्या कोचिंग स्टाफच्या याद्या आल्या की सगळ्यात आधी तेच बघणार आहे, गेल्या वर्षीची किती नावं अजून तशीच आहेत.